सातमच्या दिवशी वाजलेली शिट्टी

मुक्ताफईबा, म्हणजे पोरींची आत्या, जामनगरहून राजकोटला भावाकडे राहायला आल्या, तेव्हा त्यात त्यांचा काय लाभ होता ते आधी मांडतो. एक म्हणजे पंख्याखालची खाट. दुसरं, लग्न होऊन गेल्यावर सुटलेली भावाच्या घरातली हुकमत. आणि तिसरं म्हणजे, भाची बरी झाली की ‘मुक्ताबेननं पोरगी उभी केली’ हे वाक्य. पुढची दहा लग्नं तरी ते त्यांना पुरलं असतं. खर्चाच्या बाजूला फक्त बसचा प्रवास. असा माझा हिशेब होता, आणि तो साफ चुकला.

मित्रांनो, मी या घरातला तीन लिटरचा जुना कुकर. कारखान्यात एका चकतीवर दाब पडला आणि मला पोट आलं. माझा जन्म एवढाच. पुढे किरीटभाईंच्या लग्नात आहेर म्हणून मी आलो. बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं दिली होती, सात. फईबांनी मला दिलं आणि नव्या नवरीला, दक्षाबेनला, सगळ्यांसमोर बजावलं, “घड्याळ बघून पोट भरत नाही गं!”

नऊ वर्षं मी डाळ शिजवली, खिचडी शिजवली. पाहुणे बोटं चाटत आणि म्हणत, “दक्षाच्या हातची डाळ म्हणजे डाळ!” हात तिचे, चटके माझे. पण तक्रार नव्हती. मग एक मोठा चकचकीत स्टीलचा कुकर आला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात दिवाळीच्या पणत्या भरून ठेवल्या. सहा वर्षं मी पणत्या सांभाळल्या. एकीनंही मला विचारलं नाही, बाबा रे, कसा आहेस?

मला खाली उतरवलं ते ध्रुवीमुळे. किरीटभाईंची ही धाकटी मुलगी, वय वर्षं नऊ. तिच्या अंगात नीट रक्तच तयार होत नसे. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागे. शेवटी अहमदाबादला तिच्या मोठ्या बहिणीची, रिद्धीची, अस्थिमज्जा काढून तिला दिली. ते निभावलं. पण घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “आमचं काम संपलं, आता तुमचं सुरू. शंभर दिवस हिच्याजवळ जंतू फिरकता कामा नये.”

कागद फ्रिजवर चिकटला. पाणी उकळलेलं. अन्न कुकरमध्ये शिजवलेलं, ताजं, गरम असतानाच खायचं. शिळं नाही, बाहेरचं नाही. ध्रुवीचं भांडं वेगळं. म्हणून मी! मला घासलं, नवं रबर आणलं, नवी शिट्टी बसवली. मातीतही जंतू, म्हणून तुळशीची कुंडी गच्चीवर गेली. शाळेतून सर्दी घेऊन येईल म्हणून रिद्धी मामाकडे गेली. ज्या बहिणीनं मज्जा दिली, तिलाच घराबाहेर काढलं. असा तो काळ.

त्या घरात कोणी स्वस्थ बसत नसे. दक्षाबेन दिवसातून सहा वेळा ताप बघायची आणि आकडा बरा आला तरी थर्मामीटर झटकून पुन्हा लावायची. किरीटभाई खोलीच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मीही गॅसवर चढलो की खडखडायला लागायचो.

फईबांनी दार धरलं. आमच्याकडे आजाऱ्याची खबर काढायला गेलं नाही तर सात पिढ्या नाव निघतं, त्यामुळे माणसं येतच. फईबा त्यांना जिन्यावरच अडवत. “पोरगी काय जत्रेतला पाळणा आहे बघायला? बरी आहे. नारळ तिथंच ठेवा. आणि तू रे, शिंकलास ना आत्ता? उतर खाली!” हात इतके धुवायच्या की बोटांची सालं निघाली.

एकच घोर होता. ध्रुवी खात नव्हती. जिभेची चवच गेली होती. दोन चमचे झाले की तोंड फिरवायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, अजून अर्धा किलो वजन उतरलं तर परत दवाखान्यात, नाकातून नळी.

अशात बासष्टाव्या दिवशी रांधणछठ आली, म्हणजे उद्याचं आजच रांधून ठेवायची षष्ठी. दुसऱ्या दिवशी शीतळा सातम. सातमला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंडच खायचं. शीतळामाता घरोघरच्या चुलीत लोळायला येते. चूल गार असली तर ती पोरांना आशीर्वाद देते, आणि ती भाजली तर…

फईबांनी छठला थेपल्यांचा ढीग रचला. संध्याकाळी शेगडी धुऊन तिला कुंकू लावलं.

“मोटीबेन, ध्रुवीपुरता तरी गॅस लावावा लागेल उद्या,” दक्षाबेन नणंदेला म्हणाली.

“माझे थेपले चार दिवस टिकतात.”

“थेपले टिकतात हो. ती टिकायला हवी ना!”

“आणि मातेच्या कोपात टिकेल? डॉक्टर येणार आहे आडवा?” फईबा म्हणाल्या. “मी एकदा पेटवली होती, दक्षा. माझा भुपत चार वर्षांचा होता. दुधासाठी रडत होता, म्हणून कोमट करून दिलं. महिन्याभरात तापानं गेला. तेव्हापासून अडतीस सातम झाल्या, निखारा सोड, काडीसुद्धा ओढली नाही मी.”

“मला वाटतं, तुम्ही दोघीही बरोबर आहात,” किरीटभाई म्हणाले.

“तू गप!” दोघी एकदम म्हणाल्या. ते दुकान उघडायला निघून गेले. त्या दिवशी बाजार बंद होता.

निजायच्या आधी फईबा हळूच ओट्यापाशी आल्या. माझी शिट्टी उचलली, मोठ्या कुकरचीही उचलली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मी सगळं पाहिलं. सांगणार कसा? माझा आवाजच त्यांच्या पदरात होता.

सातमच्या सकाळी दक्षाबेननं डबे पालथे घातले, खण उपसले. “मोटीबेन, शिट्टी कुठंय?” फईबा ओट्याला पाठ लावून उभ्या. दक्षाबेन रडायच्या बेतात. मी नुसता आ वासून पडलेलो.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, मास्कच्या आडून, बारीक आवाज आला.

“फईबा… भूक लागली.”



“गरम खिचडी द्या ना. तूप घालून.”

बासष्ट दिवसांत तिनं पहिल्यांदा मागितलं होतं. दक्षाबेन शेगडीकडे धावली. फईबांनी तिचं मनगट धरलं.

“तू नाही.”

“मोटीबेन, पाया पडते…”

“तू आई आहेस. माता आईकडून पोर वसूल करते. तू हात लावायचा नाहीस.” फईबांनी पदराची गाठ सोडली. “मी पेटवते. माझ्याकडून आता काय नेणार ती? होतं ते नेलं.”

त्यांनी कुंकू पुसलं, काडी ओढली. आणि शेगडीकडे बघून, शेजारणीशी भांडावं तशा म्हणाल्या, “माझ्या नावावर लिही. या घराच्या नाही.”

मी पाच शिट्ट्या दिल्या. जिन्यात सगळ्यांना ऐकू गेल्या. दारं उघडली. वरच्या मंजुलाबेननं कपाळाला हात लावला. “मुक्ताबेन, सातमला?” फईबा आतूनच ओरडल्या, “हो, मीच! जा, सांग गावभर!”

मित्रांनो, मी साधं भांडं आहे. माझं मागणं मोठं नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी घरी जपलं जात असेल तर खबर जिन्यावरूनच घ्या, नारळ तिथंच ठेवा. आणि जपणाऱ्यालाही कधी विचारा, तू जेवलास का? माझं रबर झिजलं की लगेच दिसतं. माणसांचं दिसत नाही.

आता शेवटचा हिशेब. ध्रुवीनं त्या दिवशी अकरा चमचे खाल्ले. दक्षाबेननं हात लावला नाही, तिच्याकडे काही निघत नाही. किरीटभाई फुकटात सुटले. ‘पोरगी उभी केली’ हे वाक्य आता कोणत्याही लग्नात कोणी म्हणणार नाही. ‘सातमला चूल पेटवली’ हेच म्हणतील. त्या दुपारी फईबा आपल्या थंड थेपल्याचं ताट घेऊन बसल्या, घास तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. अडतीस सातम त्यांनी सांभाळल्या होत्या. एकोणचाळिसावी त्यांनी ध्रुवीला दिली.