पायांवरून पारख

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेला माणूस एकच, देवजीचा कान्हा. तेव्हा मास्तरकीला फायनल पुरत असे. त्यामुळे निकाल आला त्या दिवसापासून वाडी त्याला ‘मास्तर’ म्हणू लागली. मास्तर व्हायला आधी नोकरी लागते, ही बारीकशी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. कान्हाच्या मात्र आली होती आणि तिच्यापायी त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

एकोणीसशे एकोणचाळीसच्या चैत्रात शहापूरहून मुलाखतीचं बोलावणं आलं; जागा कोणत्या गावची ते त्यात नव्हतं. देवजीनं लेकासाठी नव्या वहाणा शिवून घेतल्या आणि बजावलं, “वाटंला झिजवू नको रे. शहापूर दिसलं का मग घाल.” त्या भागात हीच रीत. वहाणा काखेत मारून कोसच्या कोस चालायचं आणि गाव आलं की पाय धुऊन त्या घालायच्या.

आदला मुक्काम मुरबाडला धाऊ शिंप्याकडे होता. शिकताना कान्हा त्याच्याच ओटीवर राहिला होता, अर्जावरचा पत्ताही तोच होता. धाऊनं कुणा गिऱ्हाइकाचा शिवून तयार असलेला कोट त्याच्या अंगावर चढवला आणि वर सल्लाही दिला.

“वाडीचं नाव काढू नको. रानातला पोऱ्या दिसला का सायब नाक मुरडतो. सांग, मी मुरबाडच्या पेठेतला.”

साहेबांचे कोट शिवून शिवून साहेबांच्या पोटातलंही आपल्याला कळतं, असा धाऊचा समज होता. कान्हाला तो पटला, कारण एवढा चांगला कोट त्यानं आजवर घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो अनवाणी चालत शहापूरच्या अलीकडच्या ओढ्यापाशी आला. कोट उतरवला, दगडानं टाचा घासल्या, पाय लख्ख केले, कोट पुन्हा चढवला आणि वहाणा घातल्या. कचेरीच्या ओट्यावर दुसरा उमेदवार बसला होता. त्याचं नाव गणू, राहणार कल्याण. आगगाडीनं आसनगावला उतरून तो आला होता. चपला पिशवीत कोंबून तो अंगणातली माती आपल्या पायांना चोळत होता.

“हे काय चाललंय?” कान्हानं विचारलं.

“साहेब म्हणे तोंड बघत नाही, पाय बघतो,” गणू हसून म्हणाला.

शहरात शिकून माणसाचं डोकं फिरतं, अशी कान्हाची खात्री झाली. त्याला गणूची कीवच आली.

आत बसलेले शाळाखात्याचे साहेब खरोखरच पाय बघत. रानातल्या एका शाळेतून दोन वर्षांत तीन मास्तर पळून गेले होते. या वेळी मातीत वाढलेलाच माणूस पाठवायचा, असा त्यांनी चंगच बांधला होता. विचार लाख मोलाचा होता. फक्त पायांचा सारा अभ्यास त्यांनी खुर्चीत बसून केलेला होता.

“गाव कोणतं तुमचं?”

“मुरबाड, साहेब. पेठेतच राहतो.”

“घरी शेती?”

“छे छे!” कान्हा म्हणाला. दोनच दिवसांपूर्वी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून काळे झालेले हात त्यानं कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले.

साहेबांनी त्याच्या कोऱ्या वहाणांकडे पाहिलं आणि कागद बाजूला सारला.

“तुमचे मार्क चांगले आहेत हो. पण जागा सिद्धगडाखालच्या वाडीची. धड वाट नाही, पावसाळ्यात ताप. पेठेतल्या माणसाचं ते काम नव्हे.”

ती कान्हाची स्वतःची वाडी होती. खरं सांगावं, तर आत्ताच साहेबांच्या तोंडावर खोटं बोललो हे कबूल करायला हवं. खोटं बोलणाऱ्याला मास्तर कोण करील?

“मला चालेल, साहेब,” तो कसाबसा म्हणाला.

“आधीच्या तिघांनाही चालणार होती,” साहेब म्हणाले आणि त्यांनी गणूला आत बोलावलं. गणूचे मातीनं माखलेले पाय पाहून त्यांचा चेहरा खुलला; राहणार कल्याण, हे मग त्यांनी मनावर घेतलं नाही. जागा गणूला मिळाली.

घरी देवजीनं विचारलं, “काय झालं रे?”

“नाय मिळाली, बा.”

“कुठली जागा व्हती?”

कान्हा वहाणांकडे बघत म्हणाला, “हितलीच.”

“हितलीच? आन तुला नाय दिली?”

“मीच सांगलं, मी हितला नाय म्हणून.”

देवजीनं लेकाच्या पायांतल्या वहाणा स्वतःच्या हातांनी काढल्या, पुसल्या आणि आढ्याला टांगून ठेवल्या. त्यापेक्षा बापानं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं, असं कान्हाला वाटलं.

जूनमध्ये गणू मास्तर आले आणि देवजीच्याच पडवीत राहिले. माणूस वाईट नव्हता. पण श्रावणात तापानं धरलं, ते काही सोडीना. एक दिवस मुलं कान्हानं सांभाळली, मग आठवडा, आणि पुढे पुढे गणू मास्तरांकडे हजेरीवरची सही तेवढी उरली. सही करताना ते कान्हाकडे बघत नसत.

मार्गशीर्षात भाताची झोडणी चालू असताना साहेब तट्टावर बसून तपासणीला आले. कान्हा खळ्यावरून तसाच धावत आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. मुलांनी पाढे घडाघडा म्हटले, धडे न अडखळता वाचले. साहेब खूश झाले. घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या गणू मास्तरांची त्यांनी पाठ थोपटली.

“बघा, मी माणूस पायांवरून ओळखतो तो असा!”

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पायांकडे गेलं. टाचांना भेगा, बोटं फाकलेली, वर पेंढा चिकटलेला. तोंड त्यांनी मुलाखतीतही नीट पाहिलं नव्हतं.

“काय रे, गाव कोणतं तुझं?”

आठ महिने कान्हा या प्रश्नाचं उत्तर मनात घोकत होता.

“हेच, साहेब.”

“काही शिकलायस का?”

“फायनल पास आहे.”

साहेब पोट धरून हसले. “अरे, इथला पोरगा फायनल असता तर मी कल्याणचा मास्तर कशाला आणला असता? खोटं बोलू नये. मास्तर, सवडीनं यालाही चार अक्षरं शिकवा.”

गणू मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नोकरी त्यांनाही हवी होती.

“व्हय, साहेब,” कान्हा म्हणाला.

साहेब शेरा लिहायला बसले. पुढचा पाढा कोणता म्हणायचा ते विचारायला मुलांनी कान्हाकडे पाहिलं, तेव्हा त्यानं डोळ्यांनीच गणू मास्तरांकडे खूण केली.