हात मागे

खळी कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना दादाचा फोन आला. सकाळभर ती एका बहिऱ्या सुताराची साक्ष न्यायाधीशांना बोलून दाखवत होती आणि न्यायाधीशांचे प्रश्न सुताराला हातांनी सांगत होती. बोटं नुसती भरून आली होती.

“उद्या मोकळी आहेस?” दादा म्हणाला. “शाळेत संशोधनवाल्या बाई येतायत. पोरांशी एकेकट्यानं बोलायचं म्हणतात. आणि त्यासाठी ठरवलेली दुभाषी नेमकी आज आजारी पडलीय.”

“अरे, पण मी तुझी सख्खी बहीण. चालेल त्यांना?”

“ते मी बघतो. तू फक्त ये.”

तिनं हो म्हटलं. दादानं काही मागितलं आणि तिनं नाही म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं.

त्यांचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. घरातलं सगळं बोलणं हातांनी चालायचं. आईनं धाकटीचं नाव ठेवलं ते स्वतःच्या गालात बोट रुतवून, म्हणून ती खळी. त्या घरात भांडायचं तर आधी हातातलं भांडं खाली ठेवावं लागे, आणि आई हरायला लागली की सरळ डोळे मिटून घेई. मग कोण कोणाशी भांडणार? खळी पुढे त्याच भाषेवर पोट भरू लागली. दादानं मात्र उलटी वाट धरली. तो बहिऱ्या मुलांना तोंडानं बोलायला शिकवणारा शिक्षक झाला, त्यात नाव काढलं, आणि आता एका निवासी शाळेचा मुख्याध्यापक होता.

त्याच्या शाळेचा गाजावाजा होता. फाटकाच्या आत हातांनी बोलायचं नाही, ओठ बघायचे आणि तोंडानं उत्तर द्यायचं, असा त्याचा नेम. मुलं पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवत. शब्द जड येत, पण येत, आणि पाहुण्यांचे डोळे भरून येत. शिक्षण खात्याला ही ‘बोलकी शाळा’ इतकी आवडली की पुढच्या वर्षापासून बहिऱ्यांच्या सगळ्याच शाळांत तोच नेम आणायचं घाटत होतं. त्याआधी फक्त एक अट होती. मुलं तिथं खरोखर शिकतात का आणि सुरक्षित आहेत का, हे बाहेरच्या संशोधकानं मुलांशीच बोलून पाहायचं.

संशोधक बाई सडपातळ, केस पिकलेल्या, बोलायला साध्या होत्या. “मुलांना ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत बोलू दे,” त्यांनी आल्या आल्या सांगितलं. “आणि खोलीत शाळेचं कोणी नको.”

“अगदी बरोबर,” दादा म्हणाला. “मी आपला काचेपलीकडे बसतो. एक शब्द ऐकू येत नाही तिथं.”

ती उच्चारांच्या सरावाची खोली होती. एका भिंतीला मोठी काच, शिकाऊ शिक्षकांना पलीकडून तास बघता यावा म्हणून. काचेकडे पाठ करून बाई बसल्या, शेजारी खळी, आणि समोरच्या खुर्चीत मूल. म्हणजे मुलाच्या तोंडासमोर काच आणि काचेत दादा. खळीनं ते पाहिलं आणि तिच्या मनात चर्र झालं. आवाज अडवायला काच पुरते, पण हात तर डोळ्यांनीच ऐकायचे असतात. दादाला एकही शब्द ऐकू येणार नव्हता आणि एकही शब्द सुटणार नव्हता.

ती काही बोलली नाही. दुभाष्यानं ऐकलेलं सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा. निदान तिनं तरी त्या वेळी स्वतःची तशी समजूत घातली. दादानं नातं सांगितलं असेल, हेही तिनं धरूनच चाललं.

मुलं येत गेली. प्रत्येक मूल आधी खळीच्या डोक्यावरून पलीकडे बघे, मग हात वर घेई, आणि तेही छातीशी आखडून.

शाळा चांगली. जेवण चांगलं. सर चांगले.

“शाळा चांगली, जेवण चांगलं, सर चांगले,” खळी बाईंना सांगे.

“मारतं का कोणी?”

नाही. शाळा चांगली.

दुपार कलायला लागली तरी उत्तरात काडीचा फरक नव्हता. बाईंनी कपाळ चोळलं. “सगळी एकच पाठ म्हणतायत,” त्या पुटपुटल्या. खळीनं पाण्याचा घोट घेतला.

मग एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. तिनं डोक्यावर बोट गोल फिरवून आपलं नाव सांगितलं. टाळूवर केसांचा भोवरा होता, म्हणून भोवरी. ती बसली नाही. काचेकडे बघितलं, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून खळीच्या मागे, ती आणि काच यांच्या मधे आणून ठेवली, आणि काचेकडे पाठ करून बसली. तिच्याशी बोलायला खळीला वळावंच लागलं. आता काचेसमोर खळीचं तोंड होतं, आणि भोवरीचे हात तिच्या स्वतःच्या अंगाआड, मांडीवर.

ते हात भराभर चालू लागले.

वर्गात हात हलले की ‘हात मागे’. मग कापडाच्या पट्टीनं मागे बांधतात. जेवणापर्यंत. कधी झोपेपर्यंत. पिटुकलीचे बांधले होते. जिन्यावरून पडली. हात पुढे करता आले नाहीत. तोंडावर पडली. पुढचे दात गेले. आज तिला मागच्या खोलीत ठेवलंय, तुम्हाला दिसू नये म्हणून.

खळीनं मान वर केली. काचेपलीकडे दादा उभा राहिला होता. भोवरीचे हात त्याला दिसत नव्हते, पण बहिणीचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा त्याला लहानपणापासून पाठ होता.

त्याचे हात उठले. काय म्हणाली?

बाई खाली मान घालून लिहीत होत्या.

खळी तशीच बसून राहिली. भोवरीला विचारायला हवं होतं, कोण बांधतं, पिटुकली कोणत्या खोलीत आहे. पण विचारायचं तर हात हलवायचे, आणि ते हात दादा वाचणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपले हात अडचणीचे वाटले.

काचेपलीकडून पुन्हा खुणा आल्या. लहान पोर आहे. काहीही बडबडते. सोडून दे. मग थोडं थांबून, आईची शपथ.

“ताई,” बाई मान वर करत म्हणाल्या, “ती एवढं बोलली आणि तुम्ही गप्प?”

भोवरी खळीकडे एकटक बघत होती. खळीनं बाईंना सांगितलं की नाही, एवढंच तिला ओठांवरून ताडायचं होतं.

“आधी ती काच झाका,” खळी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तिथून सगळं दिसतं. सकाळपासून दिसतंय. आणि पलीकडे जे उभे आहेत ना, ते माझे सख्खे भाऊ. त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

पुढे एक शब्दही न विचारता त्या उठल्या. कोपऱ्यातला अक्षरांचा भलामोठा फळा दोन्ही हातांनी ओढत आणला आणि काचेला टेकवला. दाराची कडी लावली. एका क्षणात त्यांचं तोंड पांढरंफटक झालं होतं. “आता सांगा.”

खळीनं सांगितलं. प्रत्येक वाक्याला बाईंचा श्वास जड होत गेला. “मी इतकी कशी आंधळी,” त्या एकदाच म्हणाल्या आणि फोन काढला. बालसंरक्षण अधिकाऱ्यांना त्यांनी थोडक्यात, न अडखळता सगळं कळवलं. “मुलीला इथं सोडून मी हलणार नाही,” असंही सांगितलं.

दार धडधडू लागलं.

“दार उघडा! माझ्या परवानगीनं चाललंय हे. परवानगी मी काढून घेतो!”

भोवरीला ते ऐकू येत नव्हतं, पण टेबल हादरत होतं. तिनं खळीचा हात घट्ट धरला.

“मी बोलते त्याच्याशी,” खळी म्हणाली. बाई क्षणभर घुटमळल्या. या बहिणीवर भरवसा ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. मग त्यांनी कडी काढली आणि खळी बाहेर पडताच पुन्हा लावली.

दादाच्या कपाळावर घाम होता. ओसरीवर शिक्षक घोळक्यानं उभे होते. त्यांना कळू नये म्हणून असेल, तो हातांनीच बोलू लागला. त्याच्याच फाटकाच्या आत.

काय केलंस हे?

“तोंडानं बोल,” खळी म्हणाली. “सगळ्यांना ऐकू दे. पिटुकली कुठंय?”

“तिला ताप आहे.”

“दात कसे गेले तिचे?”

दादानं घोळक्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुला आठवत नाही? तू लहान होतीस. बाबा स्वयंपाकघरात कोसळले. मी शाळेत. आई शेजाऱ्यांच्या दारात हात जोडून, हात हलवून सांगत होती, आणि त्यांनी वेडी म्हणून दार लावून घेतलं. ‘वाचवा’ एवढा एक शब्द आला असता तिला, तर बाबा आज असते. एक शब्द, खळे. या पोरांना तो मी देतोय. थोडा जाच होतो, मान्य आहे. पण देतोय.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्यानं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“दार त्यांनी लावलं होतं, दादा,” ती म्हणाली. “त्यात आईच्या हातांचा काय दोष?”

“तुला नाही कळायचं.”

“नसेल कळत. पिटुकलीची खोली दाखव.”

तो जागचा हलला नाही. शिक्षकांच्या घोळक्यातून एक तरुण शिक्षिका पुढे आली, तिनं सरांकडे बघायचं टाळलं आणि मागच्या इमारतीकडे बोट केलं. “शेवटची खोली,” ती कशीबशी म्हणाली. “किल्ली माझ्याकडे आहे.”

पिटुकली खाटेवर बसली होती, सहा-सात वर्षांची. ओठ सुजून टम्म. अनोळखी बाई आत येताना पाहून तिनं पहिली गोष्ट कोणती केली, तर दोन्ही हात आपणहून पाठीमागे नेले. खळी तिथंच उंबऱ्यात मटकन खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि हातांनी म्हणाली, मी तुझ्याशी बोलायला आलेय. खूप वेळानं त्या पाठीमागून एक हात बाहेर आला. दुखतंय, तो म्हणाला.

पिटुकलीला घेऊन खळी सरावाच्या खोलीत परतली. अधिकारी येईपर्यंतचा वेळ सरता सरत नव्हता. भोवरी आणि पिटुकली खळीच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, बाई दाराशी. दादा ओसरीवर येरझारा घालत होता. त्यानं दोनदा दारापर्यंत येऊन पाऊल मागे घेतलं. अधिकारी आले, सोबत डॉक्टर होते, आणि मुलांच्या मनगटांवरचे वळ मोजायला फार शोधावं लागलं नाही. दादाला त्या दिवशीच शाळेतून दूर केलं गेलं. दोघी मुली घरी गेल्या.

आई खळीकडेच राहायची. संध्याकाळी खळीनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं, काही न वगळता. बाबांबद्दल दादा जे म्हणाला, तेही.

आधी मला का नाही सांगितलंस? आईनं विचारलं. मी त्याच्या कानाखाली दिली असती.

वेळच नव्हता, आई.

आई उठली आणि पिशवीत कपडे भरू लागली. खळीनं तिचा दंड धरला. कुठं निघालीस?

त्याच्याकडे.

त्यानं काय केलंय ते ऐकलंस ना?

ऐकलं. म्हणून तर. तुझ्याशी उद्या चार माणसं बोलतील. त्याच्याशी कोण बोलणार आहे?

खळीला राग आला, इतका की तिनं मुद्दाम पाठ फिरवली. मग गाडी काढून तिनंच आईला सोडलं. दादानं दार उघडलं, आईला आत घेतलं, खळीकडे बघितलंही नाही.

चौकशी समितीपुढे साक्षी झाल्या तेव्हा दुभाषी म्हणून दुसरीच एक मुलगी आणली होती. खळीला या वेळी साक्षीदाराच्या खुर्चीत बसायचं होतं. समोर दादा, त्याच्या शेजारी आई.

“मुलगी बोलत असताना तुम्हाला कोणी गप्प राहायला सांगितलं?” समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

नवी दुभाषी तो प्रश्न आईसाठी हातांनी सांगत होती. आई प्रश्न वाचून खळीकडे वळली.

“हो,” खळी म्हणाली.

“कोणी?”

दादा टेबलाकडे बघत होता. ज्यानं हात धरून शाळेत नेलं, दुकानदार आईची नक्कल करायचा तेव्हा जो अंगावर धावून गेला, त्याचं नाव घ्यायचं होतं.

“माझ्या भावानं. हातांनी, काचेतून. आईची शपथ घातली.”

नव्या दुभाषीनं तेही जसंच्या तसं आईला सांगितलं. आईनं दादाच्या दंडावर थाप मारली. त्यानं बघितल्यावर विचारलं, घातली होतीस? दादानं होकारार्थी मान हलवली. आईनं मग त्याच्याकडून नजर काढली आणि सरळ बसली. पण जागा सोडून ती उठली नाही.

बोलक्या शाळेचा नेम सगळीकडे आणायचा बेत बारगळला. संशोधक बाईंनी अहवालात आपली चूकही लिहिली: काच, खुर्च्यांची मांडणी, दुभाषीचं नातं न विचारणं. भोवरी आता दुसऱ्या शाळेत जाते, जिथं तोंड आणि हात दोन्ही चालतात. पिटुकलीला तिनं हट्टानं तिथंच ओढून नेलं. दादाला शिक्षकाची नोकरी पुन्हा मिळाली नाही. तो खळीशी अजून बोलत नाही.

आई एक आठवडा इकडे असते, एक आठवडा तिकडे. इकडे आली की आधी पोटभर तक्रारी करते: तो नीट जेवत नाही, दाढी करत नाही, माझ्याशी बोलताना अर्धवट हात हलवतो. खळी भाजी चिरायचं थांबवून ते सगळं बघते आणि विचारते, आणि माझ्याबद्दल काही विचारतो का?

विचारत नाही, आई सांगते. मी सांगते, तेव्हा बघत राहतो.