सातवी ओळ

मला सहा महिन्यांसाठी नेमलं होतं ते एका प्रश्नाचं उत्तर शोधायला. मुलांच्या कर्करोग विभागात दरवर्षी किमान दीडशे मुलांना वेदना आणि धाप कमी करणाऱ्या उपचारांची गरज पडते. त्यासाठी त्याच मजल्यावर, निळ्या दाराआड, वेगळा कक्ष आहे. तिथे मागच्या वर्षी पोचली बावीस मुलं. बाकीची का नाही? विभागप्रमुखांनी कारण आधीच सांगून ठेवलं होतं: घरं लांब पडतात. पण ही मुलं तपासणीला येतच होती, आणि तपासणीच्या खोलीपासून निळं दार चौदा पावलांवर होतं. मी मोजली.

मग नोंदवही उघडली. तपासणीत मुलाला सहा चेहरे दाखवतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यांना आकडे आहेत: शून्य, दोन, चार, सहा, आठ, दहा. मूल दुखण्याइतक्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. सहा किंवा जास्त आलं की सिस्टरने निळ्या दाराकडे पाठवायचं, असा नियम. मी अकराशे नोंदींचा आलेख काढला. चारचा खांब कागदाबाहेर जायला निघालेला, आणि सहाच्या जागी शुकशुकाट. वेदना काही नियम वाचून थांबत नाही. परीक्षेत पास होण्याच्या गुणांपाशी अशी गर्दी होते, तेव्हा कुणीतरी हात दिलेला असतो. इथे हात कुणाचा होता, ते तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर कळलं.

बाकावर ठकू बसली होती. वय आठ, मांडीच्या हाडात गाठ, आता फुप्फुसांतही. पत्त्यांत सर्रास फसवते म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. तिचा पाय आत्याच्या मांडीवर होता आणि पायावरची ओढणी आत्या दोन बोटांनी वर उचलून धरत होती, कापड टेकू नये म्हणून. आईने वाकून तिच्या कानात सांगितलं, तिसरा चेहरा. ठकू म्हणाली, “माहितीये गं. दर वेळी काय सांगतेस?”

आत जाऊन तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. सिस्टरने मान वर न करता चार लिहिलं.

बाहेर मी आईला विचारलं. तिने आधी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, मी डॉक्टरांपैकी आहे का ते विचारलं. मी म्हटलं, नाही, मी आकडे मोजते.

“त्याचा पगार मिळतो?” आत्या म्हणाली.

आई हसली नाही. सहा म्हटलं की निळं दार, ती म्हणाली, आणि निळ्या दारात गेलं की गाठीच्या औषधाच्या यादीतून नाव गेलं. हे तिला अकरा नंबरच्या खाटेच्या आईने सांगितलं होतं, तिला आणखी कुणी. मी तिला समजावलं की असं काही नसतं, दोन्ही उपचार बरोबरीने चालतात, माहितीपत्रकात तसं छापलंय. तिने फाइलमधून चार घड्यांचा एक कागद काढला.

“मग हे वाच.”

कक्षात नाव घालण्याचा अर्ज होता, दोन महिन्यांपूर्वीचा, सही नसलेला. सातवी ओळ अशी: ‘आजार बरा करण्याचे उपचार थांबवण्यास आमची संमती आहे.’

तो कागद घेऊन मी निळ्या दारात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी ती ओळ उभ्यानेच दोनदा वाचली. अर्ज नऊ वर्षांपूर्वी मोठ्यांच्या विभागातून आला होता. कुणीतरी वरचं शीर्षक तेवढं बदललं होतं. त्या ओळीमुळे एकाही मुलाचे उपचार थांबवले नव्हते, हे त्यांनी मला कागदपत्रांसह दाखवलं.

“मी रोज यावर सही करते,” त्या म्हणाल्या. “खाली. वर कधी पाहिलंच नाही.”

अर्ज बदलायचा तर समितीची बैठक, एकोणीस दिवसांनी. ठकू मात्र आठवडाभर सलग तासभरही झोपली नव्हती. डॉक्टरबाईंनी आईला आणि आत्याला आत बोलावलं नाही. स्वतः बाहेर आल्या, बाकावर बसल्या, चूक आमची आहे म्हणाल्या, आणि सातव्या ओळीवर काट मारून शेजारी सही केली.

“रेघ कुणीही मारतं,” आई म्हणाली. “गाठीवरचं गुरुवारचं सलाईन चालू राहणार, हे गाठीच्या डॉक्टरांच्या हातचं लिहून आणा.”

गाठीच्या डॉक्टरांच्या दारात अठ्ठावीस माणसं होती आणि दारावरच्या शिपाईमामांनी डॉक्टरबाईंनाही रांग दाखवली. त्या पाऊण तास उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी काटलेल्या ओळीखाली लिहून दिलं: गुरुवारचे उपचार ठरल्याप्रमाणे. वर म्हणाले, ही अट तुमचीच आहे असं समजून मी आजवर ज्यांच्यापुढे आम्ही हात टेकले तेवढीच मुलं तुमच्याकडे पाठवत होतो. डॉक्टरबाईंनी हे मला परत येताना सांगितलं, लिफ्ट बंद आहे हे सांगावं तशा आवाजात.

आईने अक्षर न् अक्षर वाचलं, आत्याकडून वाचून घेतलं, मग सही केली. डॉक्टरबाईंनी ठकूला विचारलं, किती दुखतंय. ठकूने आईकडे पाहिलं.

“आता खरं सांग,” आई म्हणाली.

“आठ. कालपण आठच होतं.”

वजन एकोणीस किलो. त्या हिशेबाने मॉर्फीनचं पातळ औषध लिहिलं गेलं. औषधवाल्याने खाडाखोड चालणार नाही म्हणून अर्ज परत केला, मग दोन फोन झाले आणि बाटली मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला आईचा फोन आला. मी कक्षातच होते. ठकू अकरापासून झोपली होती, हललीसुद्धा नव्हती. औषध जास्त तर झालं नाही? पुढचा डोस देऊ की नको? डॉक्टरबाईंनी ओठांचा रंग विचारला, तिला हाक मारायला सांगितली. पलीकडून आत्याची हाक आली आणि पाठोपाठ ठकूचा चिडका आवाज, झोपू दे ना. मग त्यांनी आईला छातीवर नजर ठेवून श्वास मोठ्याने मोजायला सांगितलं आणि घड्याळ पाहत एक मिनिट धरलं. आईने एकही आकडा घाईत घेतला नाही.

“अठरा.”

“अगदी बरोबर आहे. उठली की डोस द्या.”

“म्हणजे नुसती झोपलीये?”

“नुसती झोपलीये.”

मग आईने विचारलं, असं असेल तर मीही जरा आडवी होऊ का? डॉक्टरबाई म्हणाल्या, व्हा, वन्संना म्हणावं तोवर बसा तिच्यापाशी.