सासूबाईंचं सलाईन

सासूबाई दवाखान्यात आल्या त्या एकट्या नव्हत्या. मागे गल्लीतल्या तीन बायका आणि गुडघेदुखीने बेजार झालेले एक मास्तर, असा लवाजमा होता.

"ही माझी सून!" खुर्चीत बसता बसताच त्यांनी सगळ्यांना सुनावलं. "हिच्या हातची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही."

सिस्टरचं धाबं दणाणलं. थकवा, सांधे, साखर, उतरलेला चेहरा, या सगळ्यांवर इथे सलाईनची एकच पिवळी बाटली लटकवली जायची. नवीन असताना तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "सर, याने गुण येतो याला आधार काय?" सर हसले होते. "पेशंटला बरं वाटतं ना? मग झालं." नवऱ्याची नोकरी गेलेली, घर तिच्याच पगारावर चाललेलं. तेव्हापासून ती मूग गिळून गप्प होती. आपण फक्त सुई लावतो, औषध सरांचं, अशी मनाची समजूत घालायची आणि पुढची शीर शोधायची.

"आई, तुमचं हृदय अशक्त आहे. तुम्हाला तर पाणीसुद्धा बेताने प्यायला सांगितलंय."

"म्हणून तर आले. त्या लघवीच्या गोळ्या कालपासून बंद केल्या. पळून पळून जीव गेला माझा! याने म्हणे रक्तच शुद्ध होतं."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? तू लावतेस ना? तू काय लोकांना भलतंसलतं लावशील?"

सिस्टरला तोंड वर करवेना. इतक्यात सर बाहेर आले. "अर्धीच बाटली लावा, सिस्टर. काही होत नाही."

तिने सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. मनगटावर शीर टपोरी वर आली. बाळंतपणात रात्र रात्र तिचे पाय चेपणारा तो हात होता. तिने पट्टा सोडला.

"नाही सर. आईंना मी हे लावणार नाही."

खिडकीपाशी एक काकू बसल्या होत्या, त्यांची बाटली निम्मी संपली होती. साखरेवर उपाय म्हणून त्या दर आठवड्याला यायच्या. त्यांनी मान वळवली.

"सासूला नको, मग मला का लावलंत हो?"

उत्तर सिस्टरच्या जिभेवर तयार होतं. त्यांचं हृदय अशक्त आहे, तुमचं नाही. खोटंही नव्हतं ते. एवढ्यावर निभावलं असतं आणि नोकरीही राहिली असती. सर नजरेने तेच सुचवत होते.

"चुकलं माझं, काकू," ती म्हणाली. "याने साखर उतरते हे कुणीही सिद्ध केलेलं नाही. मला शंका होती, तरी मी लावत राहिले. तुमच्या गोळ्या मात्र सोडू नका."

काकूंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि हात पुढे केला. "काढा."

तिने नळी बंद केली, सुई काढली, कापूस दाबून धरला. पलीकडून आणखी एक आवाज आला, "माझीही काढा." धाकटी सिस्टर दुसऱ्या रांगेत उभी होती. सरांकडे न बघता तीही एकेक नळी बंद करत निघाली.

"सिस्टर, उद्यापासून येऊ नका!" सर ओरडले.

"बरं," सिस्टर म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

"ओरडता कशाला?" सासूबाई उठल्या. "नोकरी तुमची होती, ती ठेवून घ्या. हात तिचे आहेत, ते आम्ही घेऊन चाललो."

मास्तर खो खो हसले आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी सगळ्यांत आधी दाराबाहेर पडले. रस्त्यावर येताच सिस्टरचे डोळे भरून आले.

"आई, आता घर कसं चालणार?"

"आजवर चाललं तसंच, दोघींनी मिळून. आधी मला माझी गोळी दे."

कोपऱ्यावर ओळखीची एक बाई भेटली, याच दवाखान्याकडे निघालेली. सासूबाईंनी तिला भर रस्त्यात अडवलं, सुनेचा हात धरून पुढे ओढला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी सून. हिने मला सुई लावली नाही!"