खाऱ्या टाकीतला हिरवा गुंता

मी समुद्री शेवाळाचा एक गुंता बोलतोय. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यातल्या एका दुकानदाराने मोठ्या गुंत्यातून कात्रीने मूठभर तुकडा कापला, तो मी. पिशवीतल्या खाऱ्या पाण्यात बसून एसटीने सोलापूरला आलो आणि शुक्रवार पेठेत गुरुशांत सरांच्या काचेच्या टाकीत पडलो.

सरांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी टाकी आणली असावी. टाकीत केशरी माशांची एक जोडी होती. मासे खायचे, घाण करायचे. त्या घाणीतून पाण्यात उतरलेलं खत मी शोषायचो आणि वाढायचो. "याच्यामुळे पाणी स्वच्छ राहतं," सर पाहुण्यांना माझ्याकडे बोट करून सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि माशांकडेच बघायचे. असो.

मार्चपर्यंत मी नारळाएवढा झालो. मग एप्रिल तापला. पंचवीस अंशांना मी मजेत असतो, तिसाला कंटाळतो. पाणी तेहतीसवर गेलं आणि मी चक्क विरघळायला लागलो. माझे हिरवे धागे आधी पांढुरके झाले, मग लिबलिबीत होऊन तुटू लागले. गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी; त्यात माझं कुजणं तोही खाऊ लागलं. मासे वर येऊन धापा टाकू लागले.

सरांनी चष्मा पुसून निदान केलं, "शेवाळाला खाणं कमी पडतंय." त्यांनी खताचे थेंब वाढवले, टाकीवरचा दिवा आणखी खाली आणला, वर काचेचं झाकण घट्ट बसवलं. तापाने फणफणलेल्या माणसाला शेगडीपाशी बसवून पुरणपोळी वाढावी, तसं झालं. दुपारी एक मासा तळाशी आडवा पडला.

तेवढ्यात सरांच्या पत्नी धनलक्ष्मी आल्या. माहेर जवळच्या मंद्रूप गावचं. त्यांनी सरळ झाकण काढून पाण्यात हात घातला.

"अहो, हे पाणी हाय का चहा?"

"हात नको घालूस! पाणी बिघडतं."

"बिघडायचं काय राहिलंय? मासे तोंड वासून बसलेत की!"

सर गडबडले. "बर्फ टाकू या का?"

"एकदम गार केलं तर मरतील की. माठातलं पाणी कशानं गार होतं? वारं लागून."

त्यांनी दिवा बंद केला. स्वयंपाकघरातला आपला टेबलफॅन आणून त्याचं तोंड पाण्याकडे केलं.

"यालाच बाष्पीभवन म्हणतात," सर म्हणाले.

"म्हणा की," त्या म्हणाल्या आणि माझे कुजलेले धागे उपसायला लागल्या.

"अगं, सगळंच काढतेस काय?"

"मेथी निवडल्यासारखं निवडतेय. हिरवं ऱ्हाईल."

उरलो लिंबाएवढा. पण राहिलो. वाऱ्याने पाणी उडायचं, मीठ मागेच राहायचं. म्हणून सर रोज गोडं पाणी मोजून भरायचे. हे काम मात्र त्यांच्याइतकं नेटकं कुणालाच जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी पाणी अठ्ठावीसवर आलं, आणि तळाचा मासा उठून जोडीदाराच्या मागे लागला.

आता मे सुरू आहे. मी पेरूएवढा झालोय. फॅन अजून माझ्याकडेच आहे. त्यामुळे धनलक्ष्मी भाकऱ्या थापतात, तेव्हा सर मागे पुठ्ठा घेऊन उभे असतात.

"मला घाला की वारं! तव्याला कशाला घालताय?"

सर पुठ्ठ्याची दिशा बदलतात. सर, माझी एक विनंती आहे. त्यांच्यासाठी दुसरा फॅन आणा. अर्थात, फार घाई करू नका. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात एवढा वेळ एकत्र उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघतोय.