हाताने उतरवलेलं विमान

त्या दुपारी तिसऱ्यांदा विमान उतरवून कॅप्टननी खुर्ची मागे सारली आणि विचारलं, "काय इंजिनिअरबाई, चहा सांडला का?"

सांडायचा प्रश्नच नव्हता. विमान होतं पडद्यावर आणि कॅप्टन होते अडगळीच्या खोलीत, भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणलेल्या वैमानिकाच्या खुर्चीवर. मुलगी कप धरून दारात उभी होती. बाबांना एकच गोष्ट सांगायला तिने आज अर्धी रजा काढली होती, आणि अर्धा तास झाला तरी तोंड उघडत नव्हतं.

कॅप्टननी सव्वीस वर्षं मोठी प्रवासी विमानं चालवली. आईसुद्धा रागावली की त्यांना कॅप्टनच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला. कॅप्टनची जागा डावीकडची, विमान वळवायचा दांडा डाव्या हातात, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरांनी उड्डाण बंद केलं, तेव्हा त्यांनी घरात संगणकाचे तीन पडदे मांडले आणि टेबलाला तसाच दांडा ठोकून घेतला. ऑटोपायलटला ते शिवायचे नाहीत. "बटण दाबून विमान चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," असं म्हणून शेवटचे दहा मैल विमान हाताने आणायचे आणि धावपट्टीशेजारच्या गवतात घालायचे. मग जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचे. एकदा आठ दिवस ते कुणाशी बोललेच नाहीत.

मुलीला ते बघवेना. ती इस्पितळांतली हृदयाचा आलेख काढणारी यंत्रं दुरुस्त करायची. रुग्णाचं अंग थरथरलं की आलेखाची रेघही थरथरते, म्हणून यंत्रात ती थरथर गाळायची सोय असते. बाबा बाहेर गेलेले बघून तिने दांड्याच्या सेटिंगमध्ये तेच करून ठेवलं. बारीक थरथर गाळायची, मोठी हालचाल तेवढी विमानापर्यंत जाऊ द्यायची. पाच मिनिटांचं काम. तिला वाटलं, खेळच तर आहे.

दुसऱ्या दिवसापासून विमान अलगद टेकायला लागलं. कॅप्टननी श्रेय दिलं रबरी चेंडूला. तो आईने हाताच्या व्यायामासाठी आणला होता. चेंडूची महती त्यांनी इस्त्रीवाल्यापर्यंत पोचवली. मुलगी तेव्हा पोट धरून हसली होती, आणि आता तेच हसणं तिला आतून खात होतं.

कारण कॅप्टननी घरात कुणाला न विचारता विमान कंपनीला कळवलं होतं की हात बरा झाला, परीक्षा घ्या. सोमवारी उत्तर आलं. गुरुवारी सकाळी, कंपनीच्या उड्डाण-सरावाच्या यंत्रात, परीक्षकासमोर, आडव्या वाऱ्यात, ऑटोपायलट बंद ठेवून उतरायचं; जमलं तर पुढे डॉक्टरी तपासणी. पुढे आणखी दोन ओळी होत्या: नव्या वैमानिकांना वर्गात शिकवायची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, ती त्यांनीच नको म्हटल्यामुळे दुसऱ्याला दिली आहे.

आई म्हणाली, "अहो, ती तरी हातची सोडायची नव्हती."

"फळ्यासमोर उभा राहिला की वैमानिक संपला," असं कॅप्टन म्हणाले आणि मुलीच्या पायाखालची वाळू सरकली.

आज बुधवार होता. परीक्षेचा पांढरा शर्ट इस्त्री करून आईने दारामागे अडकवला होता.

"बाबा, उद्या जाऊ नका."

"का गं? धाकधूक मला व्हायची, तर तुलाच होतेय."

"तुमचा हात बरा नाही झालेला. मी थरथर गाळायची सोय केलीय यात. ती विमानापर्यंत पोचतच नाही."

ते हसले. "सव्वीस वर्षं, बाळ. माझ्या हाताखाली काय चाललंय ते मला कळतं."

"मग काढून दाखवते."

तिने ते सेटिंग बंद केलं. कॅप्टननी विमान पुन्हा दहा मैलांवर नेलं आणि हाताने आणायला घेतलं. चारशे फूट उंचीवर पंख डुलायला लागले. त्यांनी मूठ घट्ट केली, तसे जास्तच डुलले. उजवा पंख जमिनीला लागला आणि चित्र थांबलं.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "टेकलं का?"

"कधीपासून?" कॅप्टननी विचारलं.

"अडीच महिने."

"म्हणजे कंपनीला मी जे लिहिलं, ते तू केलेल्याच्या जोरावर."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मुलीला वाटलं. ती रडायला लागली. "तुमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं मला."

"मलाही आरशात नव्हतं बघवत."

"कंपनीला फोन करा. शिकवायची जागा परत मागा."

"माझ्याच हाताखाली तयार झालेल्याला दिलीय. त्याच्या पोटावर पाय देऊ?"

"मग उद्या?"

"येत नाही म्हणून कळवतो. हात दाखवून अवलक्षण कशाला."

त्यांनी उठून दारामागचा शर्ट काढला, घडी घालायला गेले, ती नीट जमली नाही. तसाच तो खुर्चीच्या पाठीवर टाकून ते पुन्हा बसले.

"ते परत लाव."

"बाबा..."

"लाव. दुपारभर मी करायचं काय?"

तिने लावलं. विमान दहा मैलांवरून निघालं. मुलगी या वेळी पडद्याकडे बघत नव्हती. हात इतका हलत होता, की मनगटावरचं घड्याळ टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होतं. विमान मात्र जराही न डुलता सरळ आलं आणि पट्टीच्या मधोमध टेकलं.

चहाचं त्यांनी काही विचारलं नाही. विमान पुन्हा दहा मैल मागे नेलं.