टेबलाचं मूळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर मूळउपटे महाराजांनी एका बाईच्या घामेजल्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवली. पाच मिनिटांनी सोलली, तर आत काळीभोर मुळं! “डॉक्टर फांद्या छाटतात, आम्ही कॅन्सरचं मूळच उपटतो!” टाळ्या थांबेनात.

टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकटीही होती. औषधांनी तिच्या छातीतली गाठ निम्मी झाली होती. पण महाराजांनी ‘मूळ उपटल्यापासून’ तिने केमोच्या दोन तारखा बुडवल्या होत्या. तिसरी उद्या होती. शेजारी तिची थोरली बहीण, ताई, बसली होती. ताई तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. रोग्याच्या नमुन्याशेजारी निरोगी नमुना ठेवून पाहिल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, ही तिची जुनी खोड.

ती तडक मंचावर गेली. “महाराज, एक पट्टी या टेबलाला लावते.”

“ताई, श्रद्धा नसेल तर गुण येत नाही.”

“टेबलाची आहे की! केव्हापासून तुमचं सामान वाहतंय.”

लोक हसले. तोवर तिने टेबलावर ओला रुमाल फिरवून पट्टी दाबलीही. महाराजांना नेमका तेव्हाच तातडीचा फोन आला, ते पडद्यामागे गेले. पाच मिनिटांनी ताईने पट्टी सोलली. तीच मुळं, तेवढीच काळी.

“टेबलालाही कॅन्सर!” मागून कुणीतरी ओरडलं.

ताई हसली नाही. “पट्टीत दोन भुकट्या मुळांच्या नक्षीत भरल्यात. ओल लागली की त्या मिसळून शाईसारख्या काळ्या होतात. घरी भिंतीला लावून बघा. आणि ज्यांनी औषधं थांबवलीत, त्यांनी उद्याच डॉक्टर गाठा.”

बाहेर पायरीवर धाकटी रडत बसली. “पण मूळ असतं, हे तूच सांगितलं होतंस.”

“असतं गं. काही पेशींपासून गाठ पुन्हा वाढते. पण त्या मारल्या, तरी उरलेल्या साध्या पेशींतल्या काही रूप पालटून त्यांची जागा घेऊ शकतात. म्हणून एकदा उपटलं आणि संपलं, असं होत नाही. औषधं जोडीनं द्यावी लागतात, बदलावी लागतात, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.”

“मग मी बरी होईन?”

ताईला खोटं बोलायचा फार मोह झाला. “माहीत नाही. त्या दोन तारखांनी काय केलं, तेही तपासल्यावरच कळेल.”

“तो महाराज तर नक्की म्हणाला होता.”

“टेबलालाही म्हणाला असता.”

धाकटीने डोळे पुसले.

“उद्या किती वाजता जायचंय?”